रोजची भाकर

लोहा मागे टाकून अहमदपूरकडे निघाले की नांदेड–लातूर रस्त्याच्या आतल्या अंगाला जी गावे लागतात, त्यांतल्या एका गावात माझ्या आजीची चूल होती. त्या घराच्या भिंती मला आता आठवत नाहीत. आठवतो तो चुलीचा उजेड, त्या उजेडात अर्धी दिसणारी आजी आणि तवा तापत ठेवून, डोळे मिटून, पहिल्या भाकरीच्या आधी तिने म्हटलेली प्रभूची प्रार्थना. आम्ही नातवंडे तिच्याभोवती हात जोडून बसलेली असू. स्वर्ग, राज्य, इच्छा, गौरव हे शब्द आमच्या डोक्यांवरून संध्याकाळच्या बगळ्यांसारखे उंचावरून जात. सुंदर, शुभ्र, पण फार वरचे. आणि मग एकाएकी एक शब्द खाली उतरे. भाकर! तो ऐकला की माझे डोळे आपोआप उघडत आणि दुरडीकडे जात. "काय बघायलीस गं? डोळे मीट," आजी म्हणे. तिचे स्वतःचे डोळे मिटलेले असताना तिला ते कसे कळे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

आज इतक्या वर्षांनी त्या प्रार्थनेतल्या एवढ्या एकाच मागणीपाशी आपण थोडे थांबावे, तिच्यातला एकेक शब्द हातात घेऊन उजेडाकडे धरावा, असे मनात आहे. मागणी मोजून पाच-सहा शब्दांची: 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.' पण देव रोजच्या जगण्यात कुठे दिसतो, असे मला कुणी विचारले, तर ग्रंथांच्या कपाटाकडे जाण्याआधी मी त्यांना या मागणीच्या उंबऱ्याशी आणून बसवीन.

पहिल्याने तो शब्दच पाहा ना. येशूने आपल्या शिष्यांना ही प्रार्थना शिकवली, तिचा ग्रीक पाठ आपल्या हाती आहे, आणि त्यात भाजलेल्या पावासाठी असलेला अगदी साधा, बाजारातला शब्द आहे. विल्यम कॅरी आणि त्यांच्या पंडितांनी बंगालमधल्या श्रीरामपुरात बसून मराठी नवा करार सिद्ध केला, तो १८११ मध्ये छापून निघाला. तेव्हापासून आजवर या भाषेत बायबल पुन्हापुन्हा उतरत आले आहे. उतरवणाऱ्यांपुढे 'अन्न' हा भारदस्त संस्कृत शब्द होता, 'रोटी' होती, 'पोळी' होती. पण मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठी रुळली ती भाकर. 'अन्न' म्हटले असते तर प्रार्थना अधिक व्यापक झाली असती यात शंका नाही. अन्न म्हणजे सारेच आले. परंतु अन्नाला वास नसतो. अन्न तव्यावर टाकता येत नाही, फडक्यात बांधून शेतावर नेता येत नाही, शिळे झाले म्हणून तेल-चटणीशी खाता येत नाही. भाकरीला हे सारे येते. आणि आम्हा मराठवाड्यातल्या माणसांचे भाग्य आणखी एका मात्रेने मोठे. पुण्या-साताऱ्याकडे ताटात भाकरी असते. आमच्याकडे भाकर असते. बायबलातला हा शब्द तिकडच्या वाचकाला किंचित जुना, पोथीतला वाटत असेल. आमच्या कानाला तो शेजारच्या घरातून हाक मारल्यासारखा येतो. देवळातली भाषा आणि चुलीपुढची भाषा यांच्यात एका अक्षराचेही अंतर राहू नये, हे सुख किती प्रार्थनांच्या वाट्याला येत असेल?

पंडिता रमाबाईंना हे सुख फार मोलाचे वाटत होते, असे त्यांच्या कामावरून दिसते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या, पाटी-पेन्सिलही न पाहिलेल्या कितीतरी बाया-मुली त्यांच्या आसऱ्याला होत्या. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेली ही विदुषी हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे झिजली. त्याचे खिळे जुळवायला आणि छापायला त्याच मुलींचे हात होते. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर पडले. ज्या मुलींना उपाशी पोटाने रस्त्यावरून उचलले, त्यांच्याच बोटांनी एके दिवशी 'भाकर' या शब्दाचे खिळे एकापुढे एक लावले असतील. मला वाटते, त्या शब्दावर इतके सुंदर भाष्य कोणत्याही टीकाकाराने लिहिले नसेल.

आता चुलीकडे येऊ. आजीची भाकर मी हजारदा पाहिली आणि तरी ती पुन्हा पाहताना दर वेळी श्वास रोखला जाई. ज्वारीच्या पिठात गव्हाचा चिवट ताण नाही; ते आपले आपण धरून राहत नाही. म्हणून कढत पाणी घालायचे, तळहाताच्या टाचेने रेटून-रेटून मळायचे, पिठाला विरी आहे की गेली हे बोटांनीच ओळखायचे. मग काठवटीत कोरड्या पिठाची पखरण आणि वर तो गोळा. हात पडू लागला की गोळा स्वतःभोवती फिरत-फिरत मोठा होई. आजी त्याला फिरवी की तो आजीच्या हाताला फिरवी, हे कळत नसे. तव्यावर टाकल्यावर ती वरच्या बाजूने पाण्याचा हात फिरवी, आणि क्षणभर त्या ओल्या पांढऱ्या चंद्रावर तिच्या चार बोटांच्या चार वाटा उमटत. उलथली की त्या वाटा नाहीशा होत. भाकर खाणाऱ्याला त्या कधी दिसत नाहीत; पण त्या तिथे असतात, तिच्या खालच्या अंगाला, भाजलेल्या ठिपक्यांच्या आड. सृष्टीवर निर्मात्याच्या हाताचे ठसे आहेत, असे प्रवचनात ऐकले की माझ्या डोळ्यांपुढे दुसरे काही येतच नाही. त्या चार ओल्या वाटा येतात.

आणि मग तो शेवटचा क्षण. तवा उतरवून भाकर आराला लावली की आधी काहीच होत नाही. कडेला एक बारीकसा फुगवटा येतो, तो सरकतो, दुसऱ्याला मिळतो, आणि बघताबघता सगळी भाकर टम्म होऊन उभी राहते. तिच्यात खमीर नाही, सोडा नाही. तिला उचलते ती तिच्याच अंगातल्या पाण्याची वाफ. बायबलात ज्याला आत्मा म्हटले आहे, त्यासाठीचा हिब्रू शब्द वारा, श्वास आणि आत्मा या तिन्ही अर्थांनी येतो. आजीला हिब्रू ठाऊक नव्हते. पण भाकर फुगली की ती नेहमी हळूच म्हणे, "आली." काय आली, कोण आली, हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पापुद्रा सुटलेली ती भाकर दुरडीत पडे, तिच्यातून एक उसासा निघे, आणि ती पुन्हा सपाट, साधी, रोजची होऊन जाई.

खमिरावरून आठवले. मिसर देशातून इस्राएली लोक रातोरात निघाले, कणीक फुगायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बेखमीर भाकरी भाजून घेतल्या. वल्हांडणाच्या सणात ती आठवण दरवर्षी जेवणात येते, आणि येशूचे शेवटचे भोजन त्याच सणाच्या दिवसांतले. 'बेखमीर' हा शब्द रविवारच्या शाळेत आम्हाला मोठ्या कष्टाने समजावून दिला जाई. कष्ट कशाला हवे होते? आमची प्रत्येक भाकर बेखमीरच. पहाट फुटायच्या आत फडक्यात चार भाकरी बांधून रानाकडे निघालेली बाई रोजच कुठल्या तरी मिसरातून निघालेली असते.

पुढचा शब्द 'रोजची'. वरवर पाहता याच्यासारखा पारदर्शक शब्द नाही, आणि मौज अशी, की मूळ प्रार्थनेतला सर्वांत गूढ शब्द हाच. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत, याच मागणीत, तो ग्रीक शब्द येतो. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने, ज्याची मायबोलीच ग्रीक, लिहून ठेवले की लोकांच्या बोलण्यात हा शब्द नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. आजची, उद्याची, जगण्यापुरती, जगण्यापलीकडची, असे कितीतरी अर्थ विद्वानांनी त्यातून काढले. संत जेरोमने लॅटिन करताना तर एकाच शब्दाला दोन ठिकाणी दोन प्रतिशब्द दिले: मत्तयात 'पदार्थापलीकडची' आणि लूकमध्ये 'दररोजची'. मराठीने मात्र सरळ 'रोजची' म्हटले. यात काही हरवले असे आपल्याला वाटेल. मला नाही वाटत. आजीच्या चुलीपुढे ज्याने दहा मिनिटे काढली आहेत, त्याला जेरोमचे दोन्ही शब्द एकाच दुरडीत दिसतील. रोजची आणि पदार्थापलीकडची, अशा दोन भाकरी मी तरी वेगळ्या पाहिलेल्या नाहीत.

'रोज' या शब्दात आणखी एक शहाणपण दडले आहे. अरण्यात इस्राएलांना देवाकडून खायला मान्ना मिळे तो त्या-त्या दिवसापुरता. लोभाने कुणी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत, शब्बाथाच्या आदल्या दिवशी काय ती दुपटीची मुभा. ज्वारीचे पीठही असेच मानी आहे. जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकर थापताना कडा फाटतात. म्हणून आजी एकदम फार दळून आणत नसे. तिच्या श्रद्धेचे मापही तसेच, चार-आठ दिवसांच्या दळणाएवढे. वर्षभराच्या कृपेचा साठा तिने कधी मागितला नाही.

'आज' या शब्दाशी मात्र सावकाश जायला हवे, कारण आमच्या भागात तो शब्द हसतखेळत उच्चारण्याचा नाही. १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट आजी सांगे, ती एका रंगापासून सुरू होई: लाल. रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळे, त्याची लाल भाकर. खडी फोडण्याच्या कामावरून आल्यावर ती मळायची, थापायची, आणि तीच प्रार्थना म्हणायची. "प्रार्थनेत पांढरी का लाल असं कुठं म्हणलंय?" असे ती म्हणे तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसे, बढाईही नसे. सारफथच्या विधवेची कथा ती याच सुरात सांगे. देशात पाऊस नाही, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थेंबभर तेल, बाई वेशीबाहेर दोन काटक्या वेचते आहे; शेवटची भाकर भाजायची, मुलाने आणि आपण खायची आणि मग मरण. आणि नेमका त्याच वेळी संदेष्टा एलीया येतो, आधी पाणी मागतो आणि मग भाकर. त्या दोन काटक्यांवर आजी नेहमी रेंगाळे. "दोनच काटक्या बघ," ती म्हणे, "दोन काटक्यांत एकच भाकर भाजती." बायबलातला तो तपशील पाच-पन्नास वेळा वाचूनही माझ्या नजरेतून निसटला असता. तो टिपायला काटक्या वेचलेला हात लागतो.

पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. आम्ही तेव्हा लातुरात राहत होतो. डब्यात पीठ होते, गॅस होता, आणि भाकरीसाठी पाणी किती घ्यायचे यावर घरात विचार चालू होता. आठवडाभर आम्ही ताटे धुवायची नकोत म्हणून भाकरीवरच कोरड्यास घेऊन जेवलो. त्या दिवसांत एलीयाने आधी पाणी का मागितले, ते मला कळले.

ही भाकर एकट्या ख्रिस्ती माणसाच्या चुलीवर फुगते असे कोण म्हणेल? आम्ही ज्या मातीत प्रार्थना शिकलो, त्या मातीला हे आधीच ठाऊक होते. नरसी हे परंपरेने नामदेवांचे गाव, नांदेडपासून फार लांब नाही. कुत्रे भाकर पळवून नेते आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, कोरडी खाऊ नको देवा म्हणून, ही कथा आजीने मला येशूच्या कथांच्या रांगेतच सांगितली; मध्ये भिंत घातली नाही. गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई जात्यावर बसते तेव्हा दुसरा खुंटा कुणी धरला आहे, हेही आम्हाला घरातल्यासारखेच माहीत. आणि नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात ज्याने एकदा पंगतीत बसून दोन्ही हात पसरून रोटी घेतली आहे, त्याला प्रभुभोजनाच्या वेळी हात कसे पसरायचे हे शिकवावे लागत नाही. त्याच नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, याचा मला नांदेडची लेक म्हणून फार आनंद वाटतो.

भाकर कुणाच्या हातची, हा प्रश्न आमच्या देशात भाकरीहून मोठा होऊन बसला. इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण न येणे अशक्य. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्यामुळे दुरावलेल्या लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. आणि मग राहुरीला असताना त्यांच्या मनात उजाडले की ही जातीपातीची दारे देवाने केलेली नाहीत, माणसाने केली आहेत. पुढे १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना मला दर वेळी जाणवते ते हे, की या बाईला देव सापडला तो स्वयंपाकघराच्या वाटेने. ज्या क्षणी कुणाच्याही हातचे खायला मन तयार झाले, त्या क्षणी खरा बाप्तिस्मा होऊन गेला होता. पाणी नंतर आले. आपल्या साहित्यात साक्षात्काराची वर्णने पुष्कळ आहेत, पण इतका घरगुती, इतका शांत आणि इतका निर्भय साक्षात्कार मला दुसरा माहीत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस अम्माऊस गावाची एक संध्याकाळ आहे. तिच्यापाशी मला शेवटी जायचेच होते. येशूला क्रुसावर दिल्यानंतरचा तिसरा दिवस. दोन शिष्य खिन्न मनाने वाट चालत आहेत. एक अनोळखी वाटसरू त्यांना येऊन मिळतो, बोलत-बोलत बरोबर चालतो. गाव जवळ येते, तो पुढे जायचे दाखवतो, आणि ते दोघे त्याला आग्रह करतात. हा आग्रह वाचताना मला नेहमी आमच्याकडचे घर दिसते: दिवस मावळलाय, आता कुठं निघता, भाकर खाऊन जा. तो थांबतो. जेवायला बसतो. भाकर घेतो, आशीर्वाद मागतो, मोडतो, आणि त्यांना देतो. तेवढ्यात त्यांचे डोळे उघडतात. एवढी वाट बरोबर चालून, शास्त्रांचा एवढा उलगडा ऐकून जो ओळखू आला नाही, तो भाकर मोडताना ओळखू आला! कशावरून? लूक सांगत नाही. मला वाटते, मोडण्याच्या रीतीवरून. प्रत्येक माणसाची भाकर मोडण्याची एक रीत असते. आजी दोन्ही अंगठे मधोमध टेकवून मोडी, आणि मोठा तुकडा नेहमी उजव्या हातात राही, तो समोरच्याला देण्यासाठी. अंधारात नुसता तो हात पुढे आला असता तरी मी तिला ओळखले असते.

आता एकच शब्द राहिला, आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. 'आमची'. भाकर माझी नव्हे, आमची, हे तर सारेच प्रवचनकार सांगतात आणि खरेच सांगतात. पण आपली मराठी इथे एक पाऊल पुढे जाते, जे ग्रीकला जमत नाही, इंग्रजीलाही नाही. आपल्याकडे 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. ज्याच्याशी बोलतो त्याला बाहेर ठेवायचे तर 'आमची', त्यालाही घ्यायचे तर 'आपली'. प्रार्थनेत आपण पित्याला म्हणतो की आमची भाकर दे. हे योग्यच, देणारा तो, खाणारे आम्ही, तो काही पंगतीला बसायचा नाही. व्याकरण नम्र आहे, हात जोडून उभे आहे. पण अम्माऊसच्या त्या संध्याकाळी तो प्रत्यक्ष पंगतीला बसला. त्या ताटापुढे 'आमची' म्हणणार कोण, आणि कुणाला वगळून?

आजीला हे मी कधी विचारले नाही. पण तिची एक सवय होती. प्रार्थना संपली, 'आमेन' झाले, की ती डोळे उघडी, आणि त्या वेळी दाराशी जो कोणी असेल, शेजारची म्हातारी, दळण घेऊन आलेले पोर, मेंढरे घेऊन निघालेला धनगर, अंडी विकायला आलेली बाई, त्याच्याकडे बघून पहिली भाकर हातात घेत म्हणे, "ये की आत. बस. आपली भाकर खाऊ." आत्ताच 'आमची' म्हणालेल्या त्याच ओठांनी. मग दोन्ही अंगठे मधोमध टेकत, वाफ निघे, आणि मोठा तुकडा उजव्या हातात राही.